कॉम्प्युटर चालू होताना ४८ आकडी चावी मागतो? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

वाशीम : पीक विम्याची मुदत संपत आलेली. सेवा केंद्राबाहेर सकाळपासून रांग. केंद्रचालक लॅपटॉप चालू करतो आणि समोर नेहमीच्या चित्राऐवजी निळा पडदा येतो. वर इंग्रजीत 'बिटलॉकर रिकव्हरी' लिहिलेलं, खाली ४८ आकडे टाकायला रिकामी जागा. रोजचा पिन चालत नाही, पासवर्ड चालत नाही. रांगेतलं कोणी म्हणतं व्हायरस आला, कोणी म्हणतं हॅक झाला. दुरुस्तीवाल्याला फोन लावला तर तो म्हणतो, "घेऊन या, फॉरमॅट मारून देतो."

असा प्रसंग वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा यापैकी कोणत्याही तालुक्यात, कोणत्याही नव्या लॅपटॉपवर येऊ शकतो. सेवा केंद्रवाल्यावर येईल तसा शिकणाऱ्या पोराच्या लॅपटॉपवर येईल, कृषी केंद्राच्या बिलिंगच्या मशीनवरही येईल. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो आणि डेटाही गेलेला नसतो. तो आत कुलूपबंद असतो. फॉरमॅट मारला की मात्र सगळं कायमचं जातं. म्हणून घाई न करता काय करायचं, चावी कुठं शोधायची आणि हा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून आजच काय करून ठेवायचं, याची ही माहिती.

हे कुलूप आहे तरी काय?

कॉम्प्युटरच्या ज्या डिस्कवर विंडोज बसवलेलं असतं, म्हणजे आपला सी ड्राइव्ह, तिच्यावरचा सगळा मजकूर सांकेतिक रूपात बदलून ठेवण्याला एन्क्रिप्शन म्हणतात. चोराने लॅपटॉप नेला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तरी त्याला काही वाचता येत नाही. ज्या केंद्रात गावभराच्या आधार कार्डांच्या, बँक पासबुकांच्या आणि सात-बारांच्या प्रती साठवलेल्या असतात, तिथं हे कुलूप कामाचंच आहे.

विंडोजमधल्या या कुलपाचं नाव बिटलॉकर. ते २००७ साली विंडोज व्हिस्टासोबत आलं. सुरुवातीला ते मोठ्या कंपन्यांसाठी होतं आणि ज्याला हवं तो मुद्दाम लावायचा. पुढे विंडोज ८.१ पासून काही मशीनवर ते 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने आपोआप लागू लागलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली, तेव्हा त्यासाठीच्या अटी आणखी सैल झाल्या. आता नवा लॅपटॉप घेतला किंवा विंडोज ११ नव्याने टाकलं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केलं, की बहुतेक मशीनवर कुलूप आपोआप लागतं. स्वस्तातल्या होम आवृत्तीतही लागतं. जुन्या विंडोजवरून फक्त अपग्रेड केलं असेल तर ते आपोआप लागत नाही.

घोळ इथंच होतो. कुलूप लागल्याचं मालकाला माहीतच नसतं. त्यामुळे चावी कुठं आहे हेही माहीत नसतं. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यापासून नवी मशीन घेणारे, नव्याने विंडोज ११ टाकणारे वाढले आहेत.

एरवी चावी लागत नाही, मग आजच का मागतो?

कॉम्प्युटरच्या बोर्डवर टीपीएम नावाची सुरक्षा चिप असते. कुलपाची रोजची किल्ली तिच्याकडे. मशीन चालू होताना ही व्यवस्था पाहते की सुरुवातीचे प्रोग्रॅम, बायोस आणि सिक्युअर बूटची सेटिंग कालच्यासारखीच आहे का. सगळं जिथल्या तिथं असलं की चिप गुपचूप किल्ली देते आणि विंडोज उघडतं. काही बदललेलं दिसलं की चिप हात आखडता घेते. घराचा राखणदार ओळखीच्या माणसाला आत सोडतो, पण त्याच माणसाने तोंड बांधलेलं असलं तर थांबवून विचारतो, तसंच हे.

चिप अडण्याची नेहमीची कारणं अशी:

१. बायोस अपडेट झालं. कधी ते विंडोज अपडेटसोबत आपोआप येतं आणि मालकाला कळतही नाही.

२. बायोसमध्ये कोणी सिक्युअर बूट किंवा टीपीएम बंद केलं. जुनं सॉफ्टवेअर किंवा दुसरी सिस्टिम टाकताना हे सर्रास होतं.

३. डेस्कटॉपच्या बोर्डवरचा गोल सेल संपला. तो साधारणपणे सीआर २०३२ या नंबरचा असतो. सेल मेला आणि लाईट गेली की बायोसची सेटिंग मूळ पदावर जाते. घड्याळ मागं पडलेलं दिसत असेल तर हाच संशय घ्यावा.

४. मदरबोर्ड बदलला. चिप बोर्डसोबत गेली, म्हणजे रोजची किल्लीही गेली.

५. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली.

६. बूटचा क्रम बदलला, किंवा बूट होणारा पेनड्राइव्ह लावलेला राहिला.

७. विंडोजच्या अपडेटमध्येच चूक होती. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर बऱ्याच मशीन चावीच्या पडद्यावर अडकल्या होत्या. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटने काही ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या मशीनवर तेच झालं. दोन्ही वेळा मायक्रोसॉफ्टने नंतर दुरुस्ती दिली.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडेही विमानतळांवर गोंधळ उडाला, काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुरुस्ती तशी सोपी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण ज्या मशीनवर बिटलॉकर होतं, तिथं आत जायलाच ४८ आकडी चावी लागत होती. ज्या कंपन्यांकडे चाव्यांची नोंद होती त्यांचं काम लवकर उरकलं. ज्यांची नोंद नव्हती, किंवा नोंद ठेवलेला सर्व्हरच बंद पडला होता, ते अडकून बसले. गावच्या केंद्राला लागू होणारा धडा हाच आहे. दुरुस्ती अवघड नसते, चावी नसली तर अवघड होते.

आधी पडदा ओळखा

चालू न होण्याचे सगळे प्रकार कुलपाचे नसतात. आधी समोर काय दिसतं ते पाहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

'बिटलॉकर रिकव्हरी' किंवा 'एंटर द रिकव्हरी की' दिसतं : हा कुलपाचा प्रश्न. पुढची माहिती याच्यासाठी.

'नो बूटेबल डिव्हाइस' दिसतं : इथं कॉम्प्युटरला डिस्कच सापडत नाही. डिस्क सैल झाली असेल, खराब झाली असेल किंवा बूटचा क्रम बदलला असेल. चावी शोधून हे सुटणार नाही.

चार आकडी पिन मागतो पण तो चुकतो : हा विंडोजच्या लॉग इनचा प्रश्न. कुलूप उघडलेलं आहे.

चावी घेतो, पण पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहतो : कुलूप उघडलं, विंडोज बिघडलेलं आहे. याचा उपाय खाली आहे.

पूर्ण काळा पडदा, कसलंच अक्षर नाही : वीज, रॅम, डिस्प्ले यांची तपासणी आधी करावी.

चावी मागितली तर काय करायचं : पायऱ्या

पहिली पायरी. पॉवर बटन दाबून धरून मशीन पूर्ण बंद करा. पेनड्राइव्ह, बोटाचे ठसे घेणारं मशीन, प्रिंटरची वायर, डोंगल, मेमरी कार्ड सगळं काढा. फक्त चार्जर राहू द्या. मग पुन्हा चालू करा. अडचण पेनड्राइव्हची असेल तर इथंच सुटते.

दुसरी पायरी. दोन-चार दिवसांत काय बदल झाला ते आठवा. कोणी बायोसमध्ये गेलं होतं का, मशीन दुकानात जाऊन आलं का, घरातल्या पोराने काही टाकलं का? बायोसमधलं सेटिंग बदललं असेल तर ते पूर्वीसारखं करा. सिक्युअर बूट चालू, टीपीएम चालू, बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला. टीपीएमचं नाव इंटेलच्या मशीनवर 'पीटीटी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एफटीपीएम' असं दिसतं. सेटिंग जागेवर आलं की बरेचदा चावी न मागता विंडोज सरळ उघडतं.

इथं एक सांभाळा. बायोसमध्ये 'क्लिअर टीपीएम' असा पर्याय दिसतो, त्याला हात लावू नका. त्याने चिपमधली रोजची किल्ली पुसली जाते. एएमडीच्या काही मशीनवर बायोस अपडेटनंतर काळ्या पडद्यावर एफटीपीएम रीसेट करायचं का, असं विचारतात आणि वाय किंवा एन दाबायला सांगतात. चावी हातात नसेल तर एनच दाबा.

तिसरी पायरी. पडद्यावर 'रिकव्हरी की आयडी' असं लिहिलेलं असतं. त्याची पहिली आठ अक्षरं कागदावर लिहून घ्या. ही चावी नव्हे, हा चावीचा नंबर. एकाच खात्यात दोन-तीन लॅपटॉपच्या चाव्या असल्या तर कोणती कोणाची हे या आठ अक्षरांवरून कळतं.

चौथी पायरी. चावी शोधा. कुठं, ते पुढच्या भागात.

पाचवी पायरी. चावी टाका. ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात. एकाने वाचावे, दुसऱ्याने टाकावे. अंकांची बटनं खराब असतील तर वरच्या ओळीतली एफ१ ते एफ१० ही बटनं चालतात, एफ१ म्हणजे १ आणि एफ१० म्हणजे शून्य. कागदावरचा एखादा आकडा नीट लागत नसेल तर एक युक्ती आहे. प्रत्येक सहा आकडी गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. मोबाइलवर भागून पाहा. बाकी उरली तर त्या गटातला एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे.

चुकीची चावी टाकली म्हणून डेटा पुसला जात नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. विंडोजच्या डब्यावर किंवा लॅपटॉपच्या स्टिकरवर असणारी २५ अक्षरांची 'प्रॉडक्ट की' मात्र इथं चालत नाही. ती विकत घेतल्याची पावती, ही कुलपाची चावी.

चावी कुठं सापडते?

मायक्रोसॉफ्ट खात्यात : आपोआप लागलेल्या कुलपाची चावी इथंच असते. दुसऱ्या मोबाइलवर ब्राउझर उघडून 'एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी' हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाका आणि लॉग इन करा. लॅपटॉपचं नाव, चावीचा नंबर आणि ४८ आकडे समोर येतात.

कोणाच्या खात्यात, हा खरा प्रश्न आहे. ज्याच्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्याच्या खात्यात. दुकानात 'सगळं सेट करून' घेतलेला लॅपटॉप असेल तर तिथं कोणता ई-मेल टाकला होता ते विचारा. पुण्यात शिकणाऱ्या पोराने, जावयाने, शेजारच्या मास्तरांनी सुरू करून दिला असेल तर त्यांना फोन लावा. चावी बहुतेक वेळा अशीच कोणाच्या तरी खात्यात पडून असते.

खात्यात शिरायला ओटीपी लागतो. खातं जुन्या सिमवर असेल आणि ते रिचार्जअभावी बंद पडलं असेल तर अडचण होते. तरी खातं परत मिळवण्याचा फॉर्म भरता येतो. त्याला वेळ लागतो, पण फॉरमॅटपेक्षा तो बरा.

कॉलेज किंवा कार्यालयाच्या खात्यात : लॅपटॉपवर कॉलेजचा किंवा कंपनीचा ई-मेल जोडलेला असेल तर चावी त्यांच्याकडे असू शकते. त्यांच्या कॉम्प्युटर विभागाला चावीचा आठ अक्षरी नंबर सांगा. सरकारी मशीन असेल तर ज्या कार्यालयाने दिलं त्यांच्याकडेच चौकशी करावी, बाहेर उघडू नये.

कागदावर किंवा पेनड्राइव्हमध्ये : कोणी मुद्दाम बिटलॉकर लावलं असेल तर त्या वेळी चावी छापून घ्या किंवा फाइल करून ठेवा असं विंडोज सांगतं. जुन्या पेनड्राइव्हमध्ये, ई-मेलमध्ये 'बिटलॉकर रिकव्हरी की' अशा नावाची मजकुराची फाइल शोधा. मशीन विकत घेतानाची पावती, वॉरंटी कार्डाची पिशवीही चाळून पाहा.

कुठेच नाही सापडली तर? मग स्पष्टच सांगायचं, ते कुलूप उघडत नाही. मायक्रोसॉफ्टचा माणूसही हरवलेली चावी नव्याने देऊ शकत नाही. मशीन पुन्हा वापरता येतं. पडद्यावर एस्केप बटन दाबून पुढच्या पर्यायांत जाता येतं आणि सगळं पुसून विंडोज नव्याने टाकता येतं. पण आतला डेटा जातो. म्हणून हा शेवटचा उपाय. त्याआधी दोन दिवस चावी शोधण्यात गेले तरी चालतील. तोपर्यंत अर्ज दुसऱ्या मशीनवरून भरावेत.

फसवणुकीपासून जपा

अडचणीत सापडलेला माणूस गुगलवर 'बिटलॉकर हेल्पलाइन नंबर' शोधतो, आणि तिथं ठग बसलेले असतात. चावी बनवून देणारं सॉफ्टवेअर म्हणून जे विकलं जातं ते खोटं असतं. ४८ आकडे अंदाजाने काढणं कोणाच्या बापाला शक्य नाही. फोनवर कोणी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं, आगाऊ पैसे मागितले किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

चावी लागली, पण अडचण सुटली नाही तर

रोज चालू करताना चावी मागतो : बदललेली स्थिती चिपने अजून 'ओळखीची' म्हणून धरलेली नाही. विंडोज उघडल्यावर प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकरच्या पानावर 'सस्पेंड प्रोटेक्शन' करा आणि मग 'रिझ्युम' करा. होम आवृत्तीत सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, काम पूर्ण होऊ द्या, मग पुन्हा चालू करा. याला काही तास लागू शकतात, चार्जर लावून ठेवा. असं केल्यावर चावी नवी तयार होते. जुना कागद फाडून नवी चावी लिहून ठेवा. डेस्कटॉप असेल तर आधी बोर्डवरचा सेल बदला, नाहीतर पुन्हा तेच होईल.

चावी घेतो पण विंडोज उघडत नाही : दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट' मध्ये जा. आधी 'स्टार्टअप रिपेअर' चालवा. नाही जमलं तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मधून शेवटचं अपडेट काढा. नाही तर सेफ मोड. या प्रत्येक ठिकाणी तो पुन्हा चावी मागू शकतो, म्हणून कागद हाताशी ठेवा.

बोर्ड जळाला : व्होल्टेज वरखाली होऊन बोर्ड गेला, पण डिस्क चांगली आहे. डिस्क काढून केसिंगमधून दुसऱ्या विंडोज मशीनला लावा. ते चावी मागेल, ४८ आकडे टाकले की फाइली दिसतील. दुसऱ्या मशीनवर होम आवृत्ती असली तरी चालतं. मात्र काही स्वस्त लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डलाच डाकलेलं असतं, ते काढून दुसरीकडे लावता येत नाही. म्हणून चावी असली तरी बॅकअपला पर्याय नाही.

कुलूप लागत असताना लाईट गेली : एन्क्रिप्शन अर्धवट असताना मशीन बंद पडलं तरी बिटलॉकर पुढच्या वेळी जिथं थांबलं तिथून पुढे सुरू करतं. डिस्क मुळातच खराब नसेल तर यात डेटा जात नाही.

व्हेराक्रिप्ट वापरणाऱ्यांसाठी

जुन्या मशीनवर टीपीएम चिप नसते. तिथं काही जाणकार व्हेराक्रिप्ट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून सी ड्राइव्हला कुलूप लावतात. यात विंडोजच्या आधीच पासवर्ड विचारतात, आणि अडचणी वेगळ्या असतात.

डिस्क बदलायला सुरुवात करण्याआधी व्हेराक्रिप्ट एक चाचणी घेतं. मशीन बंद-चालू करून पासवर्ड विचारतं. चाचणी फसली तरी काही बिघडत नाही, कारण तोपर्यंत डिस्कला हात लावलेला नसतो. पासवर्ड न विचारता मशीन सरळ विंडोजमध्ये गेलं तर बायोसच्या यादीत व्हेराक्रिप्टचा लोडर वर आणावा लागतो. काही मशीनवर सिक्युअर बूटही त्याला अडवतं.

पासवर्ड बरोबर असून चुकीचा दाखवतो, तेव्हा तीन गोष्टी पाहा. कॅप्स लॉक लागलेलं आहे का? पासवर्डमध्ये अशी चिन्हं आहेत का जी दुसऱ्या कीबोर्डवर दुसऱ्या जागी असतात? सुरुवातीला अमेरिकी इंग्रजी कीबोर्डच चालतो. आणि 'पीआयएम' विचारल्यावर, ते मुद्दाम ठेवलं नसेल तर जागा रिकामी ठेवून एंटर दाबा.

व्हेराक्रिप्ट बनवायला लावतं ती 'रेस्क्यू डिस्क' पेनड्राइव्हवर जरूर करा. लोडर बिघडला तर ती लोडर परत बसवते, गरज पडली तर डिस्कचं कुलूपही काढते. ती त्याच मशीनची असते, दुसऱ्याची चालत नाही. आणि तिलाही पासवर्ड लागतोच. पासवर्ड बदलला की रेस्क्यू डिस्क नवी करायची. पासवर्डच विसरला तर इथंही इलाज नाही.

आजच करून ठेवायची कामं

मशीन नीट चालू आहे तोपर्यंतच ही कामं होतात. एकूण अर्धा तास लागेल.

१. कुलूप आहे का पाहा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग डिव्हाइस एन्क्रिप्शन. 'धिस पीसी' मध्ये सी ड्राइव्हच्या चित्रावर छोटं कुलूप दिसत असेल तर ते लागलेलं आहे.

२. चावी काढा. स्टार्टमध्ये 'मॅनेज बिटलॉकर' शोधा, तिथं 'बॅक अप युवर रिकव्हरी की' मिळतं. नाहीतर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर पाहा.

३. दोन कागदांवर लिहा. एक घरी, सात-बारा आणि खरेदीखताच्या फाइलमध्ये. दुसरा केंद्राबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे. कागदावर मशीनचं नाव, चावीचा आठ अक्षरी नंबर आणि तारीख लिहा.

४. काय करू नये. चावी त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका, ती कुलपाच्या आत चावी ठेवण्यासारखी आहे. लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

५. खातं आपलं असू द्या. लॅपटॉप स्वतःच्या ई-मेलने सुरू करा. त्या खात्याला चालू मोबाइल नंबर जोडा, नंबर बदलला की तिथंही बदला.

६. दुरुस्तीला देण्याआधी आणि बायोस अपडेटआधी चावी हातात आहे याची खात्री करा. प्रो आवृत्ती असेल तर 'सस्पेंड' करून द्या. दुरुस्तीवाल्याला आधीच सांगा, कुलूप आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही.

७. जुना लॅपटॉप घेताना विकणाऱ्यासमोरच तो पूर्ण रीसेट करून घ्या आणि आपल्या खात्याने सुरू करा. नाहीतर वर्षभराने चावी मागितली तर ती त्याच्या खात्यात, आणि तो फोन उचलेलच असं नाही.

८. बॅकअप घ्या. आठवड्यातून एकदा महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क मशीनपासून काढून ठेवा.

मग कुलूप काढूनच टाकलं तर?

बरेच जण विचारतात, एवढी कटकट असेल तर एन्क्रिप्शन बंदच करावं का? घरात एकच मशीन, त्यात फक्त पोरांचे गेम आणि लग्नाचे फोटो, तर बंद करून बॅकअप ठेवला तरी भागतं. पण ज्या मशीनमध्ये दुसऱ्यांची कागदपत्रं आहेत, तिथं कुलूप असलेलंच बरं. केंद्रातला लॅपटॉप चोरीला गेला तर एका रात्रीत शेकडो लोकांची आधार आणि बँकेची माहिती परक्याच्या हाती जाईल. गावकऱ्यांनी ती कागदं केंद्रचालकाच्या भरवशावर दिलेली असतात.

दाराला कुलूप लावणारा माणूस चावी कुठं ठेवली हे घरच्यांना सांगून ठेवतो. कॉम्प्युटरच्या बाबतीतही एवढंच करायचं आहे. आज मशीन चालू आहे, तर आजच ते ४८ आकडे कागदावर उतरवून ठेवा.